पोटातले पाहुणे

पोलादपूरहून सुटलेली महाडची एसटी हायवेला लागली न लागली, तोच संजीवनीच्या पोटात कळ आली.

ही कळ साधीसुधी नव्हे. चार वर्षांच्या अनुभवाने तिला नेमकं ठाऊक होतं, की आता हातात फार तर सात मिनिटं आहेत, आणि महाडचा स्टँड अजून पंचवीस मिनिटं लांब आहे. तिने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. बाहेर भाद्रपदातल्या उन्हापावसाची लपाछपी चालली होती, काचेवरच्या थेंबाथेंबात ऊन चमकत होतं... पण ते बघणार कोण? उठून कंडक्टरला सांगावं, तर चाळीस माना वळणार. त्यातल्या दोन माना उमरठच्या, तिच्याच गावच्या. दिवेलागणीच्या आत बातमी तिच्या वाडीवर पोचणार.

"मास्तर! ओ मास्तर, गाडी थांबवा!"

आवाज मागून आला. एक उंच, सावळा तरुण पोट धरून उभा राहिला होता.

"मला संडासला लागलीय. लय जोरात! पंपावर घ्या गाडी, नायतर पुढची जबाबदारी माझी नाय!"

गाडीत हशा पिकला. एक म्हातारबाबा म्हणाले, "काल काय हादडलंस रे?"

"आत्याकडची कोलंबी, बाबा. मोह आवरला नाय!"

शिव्या घालत ड्रायव्हरने गाडी पेट्रोल पंपाशी घेतली. तो तरुण दाराकडे निघाला, आणि संजीवनीच्या सीटपाशी क्षणभर वाकला.

"उतरा," तो हळूच म्हणाला. "सगळे माझ्याकडे बघतायत."

ती उतरली. कशी उतरली, कशी धावली, ते तिलाच माहीत. परत आली तेव्हा हा पठ्ठ्या नळापाशी उभा राहून कंडक्टरला कोलंबीच्या कालवणाची कृती सांगत होता, आणि कंडक्टर ऐकण्यात गुंगला होता. तिला बघताच त्याने कृती आटोपती घेतली.

"तुम्हाला... कसं कळलं?" तिने विचारलं. तिचे कान लालबुंद झाले होते.

"दांडा धरायची पद्धत. मी पण तस्साच धरतो. कोलायटिस ना?"

संजीवनी बघतच राहिली. आतड्याच्या या दुखण्याचं नाव तिने आजवर फक्त डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. घरात तर त्याला नुसतं 'ते' म्हणत.

"तुम्हालाही आहे?"

"तीन वर्षं. आज मात्र मला काय पण होत नाय हां! फुकट बदनाम झालो."

तिला हसू आलं. मघापासून डोळ्यांत दाटलेलं पाणी आणि हे हसू यांची एकच गर्दी उडाली. "मी तुमचे आभार कसे—"

"आभार नकोत. भरल्या गाडीत एवढं नाव घालवलं, निदान तुमचं नाव तरी सांगा."

"संजीवनी."

"घ्या! औषधच आजारी पडलं तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठं?"

त्याचं नाव दीपेश. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला त्याच्या आईची, साळूबाईंची खानावळ होती. गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि झणझणीत ठेचा वाढणारा हा मुलगा स्वतः मात्र मऊ भाताखेरीज फारसं काही खाऊ शकत नव्हता. हलवायाच्या पोराला साखरेचा आजार व्हावा, तशी गत! आजवर तो औषधाला मुंबईला जायचा. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी पुण्याचे पोटाचे डॉक्टर महाडला येतात असं कळलं, म्हणून पोलादपूरला आत्याकडे आलेला तो आज पहिल्यांदाच तिकडे निघाला होता. संजीवनीही तिथेच निघाली होती.

दवाखान्यात तिची मैत्रीण सोनाली नंबर लावून बसलेली होती. सोनाली महाडच्या कॉलेजात शिकत होती. तिचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं, पोटाला शौचाची पिशवी लावलेली. त्या पिशवीला तिने 'पारूबाई' असं नाव ठेवलं होतं, आणि पारूबाईच्या तक्रारी ती सासूच्या कराव्यात तशा रंगवून सांगायची. एसटीतला प्रकार ऐकून ती इतकी हसली की नर्सने डोळे वटारले.

"म्हणजे हिच्यासाठी तू भर गाडीत...? अरे, लोक मुलींना गुलाब देतात रे!"

"गुलाब कुणीही देतो," दीपेश म्हणाला. संजीवनीने मान खाली घालून आपल्या फाइलची दोरी उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

त्या दिवसापासून मोबाइलवर 'मऊभात मंडळ' सुरू झालं. हे तिघं, शिवाय दवाखान्यात भेटलेली महाडची आणखी तीन पोरं. कुठल्या फाट्यावरच्या हॉटेलातला संडास स्वच्छ असतो, कुठे पाणी नसतं, कुठला मालक न कुरकुरता किल्ली देतो, याची खडान्‌खडा माहिती मंडळाकडे जमली. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी कुणाचे गाल फुगले तर बाकीचे त्याला मोदक म्हणायचे, आणि ज्याला म्हणायचे तोही हसायचा. चार वर्षांत पहिल्यांदा संजीवनीला वाटलं, की आपण आजारी आहोत, पण एकट्या नाही.

अडचण होती ती बोलण्याची. संजीवनी पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. समोर सतत माणसं, आणि मालकीणबाईंचे कान हत्तीचे. दीपेशची अडचण त्याहून मोठी. जेवणाऱ्या गिऱ्हाइकासमोर फोनवर संडासाचं नाव काढलं असतं, तर साळूबाईंनी उलथनं फेकून मारलं असतं. मग त्यानेच एक शब्द काढला — पाहुणे. पोट बिघडायची चिन्हं दिसली, की पाहुणे येणार. बिघडलं, की पाहुणे आले. आठ-दहा दिवस लांबलं, की पाहुणे मुक्कामी. खानावळीत पाहुण्यांबद्दल कितीही बोला, कोण संशय घेणार?

"पाहुणे कसे हायत?" तो रोज संध्याकाळी, तिची दुकान बंद करायची वेळ साधून विचारायचा.

"गेले एकदाचे. तुझ्याकडचे?"

"माझ्याकडे गेल्या आठवड्यापास्नं कुणीच फिरकलं नाय. लय एकटं वाटतं गो... तू ये की."

"मी पाहुणी आहे का?"

"नाय. म्हणून तर बोलावतोय."

कार्तिकात ती सोनालीबरोबर पाचाडला गेली. भातकापणी संपली होती, खाचरांतून वाळल्या पेंढ्याचा वास येत होता. बाकावर मुंबईची पंधरा पोरं ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढत बसली होती, आणि दीपेशने या दोघींची पानं आतल्या पडवीत मांडली. मऊ भात, वर मेतकूट, कडेला साजूक तुपाची धार. भात बोटांनी दाबला तर विरघळेल इतका शिजलेला. तिच्या पानात कढीलिंबाचं एक पान चुकून आलं होतं, ते त्याने वाकून अलगद उचललं. बोटं बोटांना लागली न लागली...

"तुझं लक्ष पानावर असू दे," ती पुटपुटली.

"पानावरच हाय. पान तुझ्यापुढे हाय, त्याला मी काय करू?"

सोनालीने जोरात खाकरून पाणी मागितलं.

निघताना मात्र तो एक वाक्य बोलून गेला, आणि ते संजीवनीला काट्यासारखं सलत राहिलं. सोनाली गमतीत म्हणाली होती, तुम्ही दोघं लग्नच करून टाका. त्यावर तो हसला नाही. "एक पडला तर दुसऱ्याने उठून उभं राहायला हवं ना," तो म्हणाला. "दोघंही पडले तर? मी काय, एसटी थांबवण्यापुरता बरा." मग दोघींना एसटीच्या थांब्यावर सोडायला त्याने मोटारसायकलला किक मारली आणि विषय तिथेच राहिला. संजीवनीला तो हवा होता. हे तिला त्या दिवशी लख्ख कळलं, आणि त्याच दिवशी तो नाही म्हणाल्यासारखा झाला!

मार्गशीर्ष लागला आणि घरात हालचाल सुरू झाली. तिच्या बाबांनी, महिपतरावांनी, एक स्थळ आणलं. मुलगा मुळातला महाडकडचा, मुंबईत परळला नोकरीला. रविवारी बघायला येणार.

"त्यांना सांगितलंत?" संजीवनीने विचारलं.

"काय सांगायचं?" आई म्हणाली. बोलताना सुरेखाबाईंचं तांदूळ निवडणं थांबलं नाही. "गावापासून चार वर्षं झाकलंय, ह्यांच्यापासून महिनाभर झाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. लगीन झालं की सांग हळूहळू."

"आणि दिवसाला सहा गोळ्या? त्या सासरी कुठे लपवू, तांदळाच्या डब्यात?"

"ताकदीच्या हायत म्हणून सांग."

"बाबा, तुम्ही तरी..."

महिपतराव गोठ्याकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "पोरी, खरं सांगून दोन ठिकाणांस्नं नकार आलाय. तिसऱ्यांदा ऐकायची माझ्यात ताकद नाय."

आता आली का पंचाईत! खोटं बोलून त्या घरात जायचं, आणि जन्मभर संडासच्या दाराकडे चोरासारखं बघत राहायचं. नाहीतर खरं बोलून बापाची मान खाली घालायची. दुसऱ्या दिवशी दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, तिने दीपेशला मेसेज केला. तिला वाटलं होतं, तो हे वाचेल आणि काहीतरी... निदान काहीतरी बोलेल.

'पाहुणे येणार असं दिसतंय. भीती वाटते.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'घाबरू नको गो. येतात तसे जातात. मऊ खा आणि झोप काढ.'

झोप काढ? संजीवनीच्या कपाळाला आठी पडली. 'आणि या वेळी कायमचंच झालं तर?'

'कायमचं तर हायच. हळूहळू सवय होते.'

'तुला चालेल?'

'मला चालून न चालून काय होणार? तुझं तुलाच निभवायचंय. मी हाय ना सोबतीला. रोज फोन करीन.'

रोज फोन करीन! लग्न झालेल्या बाईला! संजीवनीने फोन बंद करून पिशवीत टाकला, आणि कुणाच्या तरी सातबाराच्या दोन प्रतींऐवजी बारा काढल्या.

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? भर गर्दीत, एका हाताने पिठलं वाढत, त्याने वाचलं ते पोटातल्या पाहुण्यांबद्दल. तिने लिहिलं होतं ते परळच्या पाहुण्यांबद्दल. शब्द त्यानेच काढलेला आणि तिने सवयीने वापरलेला. पण रागावलेल्या माणसाला शब्दाचे दोन अर्थ कधी दिसत नाहीत. तिने चार दिवस त्याचा फोन घेतला नाही.

रविवारी सकाळी अकराला पाहुणे आले. मुलगा विनोद, त्याची आई आणि मुरारीमामा. विनोद शांत होता, चेहऱ्याने बरा होता. त्याला नाव ठेवण्यासारखं काही सापडेना, म्हणून संजीवनीला अधिकच वाईट वाटलं. पोहे झाले, चहा आला. मुरारीमामांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आणि मिशीवरचं खोबरं पुसत सहज म्हणाले, "बाकी तब्येतपाणी ठीक ना?"

"एकदम ठणठणीत!" सुरेखाबाई कपबशा गोळा करता करता म्हणाल्या.

संजीवनीने आईकडे पाहिलं. आता बोलायचं, आत्ता... पण जीभ उचलेना. बाबा जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. धुळीने माखलेला दीपेश हातात स्टीलचा डबा घेऊन थेट ओटीवर चढला. चार दिवस फोन उचलत नाही, म्हणजे पोरगी अंथरुणाला खिळली असणार, या धास्तीने तो पाचाडहून उमरठपर्यंत आला होता. दारात सुरेखाबाई दिसताच त्याने विचारलं —

"काकी, संजीवनी कशी हाय? पाहुणे गेले का?"

आतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"पाहुणे अजून बसलेत," मुरारीमामा म्हणाले. "तुमाला काय घाई हाय का?"

दीपेशने आत पाहिलं. पोह्यांच्या बशा, सतरंजी, इस्त्रीचा शर्ट घातलेला विनोद... आणि जांभळ्या साडीत बसलेली संजीवनी. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या क्षणी संजीवनीलाही सगळं उमगलं. झोप काढ, सवय होते, रोज फोन करीन! तिला हसावं की रडावं ते कळेना.

"हा कोण?" विनोदच्या आईने विचारलं.

"मी... पत्ता चुकलो," दीपेश म्हणाला, आणि मागे वळला.

"पत्ता चुकलेला नाही." संजीवनी उठून उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, पण आता तो थांबत नव्हता. "तो माझ्यासाठी आलाय. मला आतड्याचा आजार आहे. चार वर्षं झाली. गोळ्या कायमच्या आहेत. कधी महिनोन्‌महिने काही होत नाही, कधी पंधरा दिवस घराबाहेर पडता येत नाही. लग्नाला, मुलंबाळं व्हायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणतात. पण हे लपवून मला कुणाच्या घरात यायचं नाही. आईबाबांना बोल लावू नका. त्यांनी मायेपोटी झाकलं."

सुरेखाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग विनोदने कप खाली ठेवला. "सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "पण आता मन मारून मला हो म्हणता येणार नाही." मुरारीमामांनी चपला पायात सरकवल्या आणि महिपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचं जमणार नाय, महिपतराव. पण पोरगी खरी हाय. तिच्यावर चिडू नका."

गाडीचा आवाज उताराला लागून विरला. सुरेखाबाईंनी मग आपला मोर्चा दीपेशकडे वळवला.

"आनि तू रे? तुजं काय?"

"मी पाचाडचा, काकी. मला पण तोच आजार हाय."

"अरे देवा! एक होता तो काय कमी होता?" असं म्हणत त्यांनी त्याच्या हातातला डबा मात्र घेतला, झाकण उघडलं, वास घेतला आणि आत घेऊन गेल्या.

अंगणात, गोठ्याच्या सावलीला, दोघं उभी राहिली. वाऱ्यावर पेंढ्याच्या काड्या उडत होत्या. दीपेशने मोबाइल काढून आपलेच मेसेज पुन्हा वाचले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"'झोप काढ'? मी असं लिहिलं?"

"'रोज फोन करीन' असंही लिहिलंस. नवऱ्याला काय सांगणार होते मी, कोणाचा फोन म्हणून?"

"संजीवनी..." तो थांबला. मान वर करून त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. "तुला त्या सतरंजीवर बघितलं ना, तेव्हा पोटात जी कळ आली... ती आजाराची नव्हती. त्या दिवशी मी बोललो ते भीतीने बोललो. तू मला आवडतेस गो. लय आवडतेस. पण भीती अजून हाय. उद्या दोघांचं पण एकाच दिवशी बिघडलं, तर करायचं काय?"

संजीवनीने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. चार दिवसांचा राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. आत नुसतं हलकं हलकं वाटत होतं.

"घरात संडास किती आहेत?" तिने विचारलं.

"एक."

"दुसरा बांध."

तो आधी नुसता बघत राहिला. मग त्याला अर्थ लागला, आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच?"

"एवढंच. भीतीला दुसरं औषध नाही. तू पडलास तर मी उठेन, मी पडले तर तू. दोघंही पडलो तर तुझी आई आहे, सोनाली आहे, सगळं मंडळ आहे. आणि भात मऊ करायला मला येत नाही, तो तूच करायचा."

"आनि तिसरा संडास आईला," दीपेश म्हणाला. "ती आपल्या दोघांची वाट बघत थांबायची नाय."

मागे कुणीतरी खाकरलं. महिपतराव गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. कधीपासून उभे होते, कोण जाणे. दीपेशने गडबडीने मोबाइल खिशात घातला. संजीवनी एक पाऊल मागे सरली नाही. दोन नकार ऐकलेला, आणि आज तिसरा पचवलेला तिचा बाप काय बोलेल, याच्यावर सगळं होतं.

महिपतरावांनी दीपेशला खालून वर न्याहाळलं.

"पाचाडला खाली कातळ लागतो," ते म्हणाले. "खड्डा कुठं काढशील?"

"घराच्या मागल्या अंगाला, काका. तिथं माती हाय."

"उतार कुठल्या बाजूला?"

"विहिरीच्या उलट बाजूला."

"हं." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "नुसतं सांगून नाय भागत. बघाय लागंल. येत्या रविवारी येतो आम्ही तिघं. आईला सांगून ठेव."

आणि ते वैरण टाकायला गोठ्यात गेले.